शॅलो बाजूची पाटी

मागे एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेले गृहस्थ मला म्हणाले, "मास्तर, तुमची नोकरी म्हणजे मजाच की! जन्मभर गार पाण्यात डुंबायचं आणि वर पगार घ्यायचा." मी हातातली जिलेबी ताटात ठेवली. म्हटलं, "अहो, पाण्यात लोक होते. मी काठावर होतो, उन्हात. सोलापूरचं ऊन. तुम्ही एक मे महिना तिथं अनवाणी उभं राहून दाखवा, मग मजा कशाला म्हणतात ते बोलू." बायकोनं पलीकडून डोळे वटारले, म्हणून पुढचं गिळलं. ते पुढचं आता लिहितो.

सत्तरच्या दशकात सोलापुरात एका मंडळानं पोहण्याचा तलाव बांधला होता. मंडळाचं नाव सांगत नाही. त्यातले बरेच जण आता वर गेलेत, आणि जे आहेत ते मला रस्त्यात भेटले तर नमस्कार करतात. मी तिथं पोहण्याचा मास्तर होतो. माझं गाव करमाळा तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. आता ते उजनीच्या पाण्याखाली आहे. नदीवर वाढलेला माणूस, म्हणून मला नोकरी मिळाली. बाकी माझ्याकडे दाखवायला कुठलं सर्टिफिकेट नव्हतं.

पोहायला शिकवणं म्हणजे हातपाय मारायला शिकवणं, असं बाहेरच्यांना वाटतं. हातपाय कोणीही मारतो. बुडणारा तर सगळ्यात जास्त मारतो. शिकवायचं असतं ते अंग सैल सोडायला, आणि मोठ्या माणसांना तेच जमत नाही. एक टॉवेल कारखानदार यायचे. त्यांची अट अशी, की डोकं भिजता कामा नये, सर्दी होते. मी म्हटलं, "मालक, मग तुम्ही पाटावर बसून पोहा." एक वकील हातातलं घड्याळ काढायचे नाहीत, कारण ते वॉटरप्रूफ आहे असं दुकानदारानं सांगितलं होतं. ते बंद पडल्यावर दुकानदाराला नोटीस द्यायची धमकी त्यांनी मला दिली! अशा गमती पुष्कळ आहेत. पण मला आज लिहायचंय ते एका शब्दाबद्दल. इंग्रजी शब्द आहे, शॅलो. ह्या शब्दापायी होटगीच्या एका धडधाकट पोराची मान मोडली, आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून मंडळानं त्याचं नावही खराब केलं. डॉक्टर मला सांगतात, ब्लडप्रेशर आहे, चिडत जाऊ नका. ते डॉक्टर तेव्हा जन्मले नव्हते.

तलाव लांबट होता. एका टोकाला पाणी कमरेइतकं, तिथून तळ उतरत जायचा आणि दुसऱ्या टोकाला दोन पुरुष. पुरुष म्हणजे माणूस हात वर करून उभा राहिला तर होते ती उंची. आमच्याकडे विहिरीचं पाणी असंच मोजतात. बांधणारा कंत्राटदार मुंबईचा. जाताना तो दोन टोकांच्या भिंतींवर दोन इंग्रजी पाट्या ठोकून गेला. एका टोकाला डीप, दुसऱ्या टोकाला शॅलो. येणारे कोण? गिरणीतले कामगार, मागावरचे विणकर, शाळेतली पोरं, आसपासच्या गावांतून बाजाराला आलेली माणसं. त्यांच्यातला जो थोडंफार इंग्रजी वाचायचा, तो अक्षरं जुळवून मोठ्यानं म्हणायचा, "शाळू." त्याचं काय चुकलं सांगा! सोलापूरचा माणूस, शाळूची भाकरी खाऊन वाढलेला. एका म्हातारबांनी तर फाटकावर चौकशी केली होती, "हितं शाळू काय भावानं देतात?"

आम्ही हसायचो. पण मला त्या टोकाची भीती वाटायची, आणि ती का, हे मी मंडळाला कधी पटवू शकलो नाही. सगळ्यांना भीती खोल पाण्याची. खोल पाणी माणसाला बुडवतं, पण बुडवताना वेळ देतं. माणूस वर येतो, खाली जातो, हात हलवतो, तेवढ्यात मी उडी टाकून त्याला केसाला धरून काठाला आणतो. शंभरदा आणलाय. कमरेइतक्या पाण्यात कुणी डोक्यावर सूर मारला, तर तिथं वेळ कुठला? तळ समोरच असतो. आणि आमचा भाग विहिरींचा. विहिरीत शिकलेला गडी काठ दिसला की सूर मारतो. विहिरीला अशी उथळ बाजू नसते. कुठूनही टाका उडी, खाली पाणी सारखंच. तळ उतरता असलेलं पाणी त्यानं जन्मात पाहिलेलं नसतं. तशात मे महिन्यात गर्दी झाली, की तलावाचं पाणी हिरवट गढूळ व्हायचं आणि तळ दिसायचा नाही.

एका उन्हाळ्यात कॉलेजातल्या एका पोरानं त्या टोकाला सूर मारला आणि पुढचे दात पाडून घेतले. मी त्या दिवशी संध्याकाळी थेट अध्यक्षांच्या पेढीवर गेलो. अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणायचे. सुताचे मोठे व्यापारी. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगतो. तलावाला जागा त्यांचीच. मी म्हटलं, "अण्णा, मराठीत पाटी करा. मोठ्या अक्षरात. 'उथळ. सूर मारू नका.' एवढंच."

अण्णा म्हणाले, "करू की. मीटिंगमध्ये घेऊ."

मीटिंग झाली. मला दाराशी स्टूल दिलं होतं. अण्णा, एक इंजिनिअर, इंग्रजीचे एक प्राध्यापक आणि होयबा चार-पाच. चहा झाला. त्यानंतर त्या लोकांनी एका शब्दाचा जो कीस पाडला, तो आठवला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

अडचण अशी, की त्या टोकाच्या भिंतीवर संगमरवरी फरशी होती. तिच्यावर अण्णांच्या वडिलांचं नाव, कैलासवासी अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ. पाटी लागणार ती बरोबर त्या फरशीच्या वर. अण्णांनी डोळे मिटले, बहुधा मनातल्या मनात वाचून पाहिलं, आणि दचकले.

"म्हणजे वर उथळ, आणि खाली लगेच आमच्या वडिलांचं नाव?"

"अण्णा, ते पाण्याला उद्देशून आहे," मी म्हटलं.

"मला कळतं हो. गावाला कळेल का? बाजारात माझी चेष्टा होईल. उद्या पेढीवर येऊन लोक विचारतील, अण्णा, वडील कसे होते?"

होयबा म्हणाले, बरोबर आहे, बरोबर आहे. मी म्हटलं, मग भिंत नको, खाली काठावरच रंगवा, सूर मारणारा तिथंच उभा राहतो. त्यावर एक जण म्हणाले, "अक्षरावर पाय पडतील. विद्या आहे ती. लेकरांना आपण काय शिकवणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी म्हटलं, "पाणी कमी आहे असं लिहा." तर अण्णाच उसळले. "नळाला दिवसाआड पाणी येतंय, बायका नळावर झिंज्या ओढताहेत, आणि आपण तलाव भरून वर 'पाणी कमी' लिहायचं? फोटो काढून छापतील!" मी म्हटलं, आकडा लिहा, साडेतीन फूट. इंजिनिअरसाहेब म्हणाले, आकडा देता येणार नाही, पातळी रोज बदलते, तीन फूट भरलं आणि कुणाला लागलं तर जबाबदारी कुणाची?

मी प्राध्यापकांकडे पाहिलं. माझी सगळी भिस्त त्यांच्यावर होती, कारण ते माझे विद्यार्थी. दोन उन्हाळे त्या उथळ टोकाला दोन्ही हातांनी दांडी धरून पाय मारत होते. एकदा मीच त्यांना विचारलं होतं, सर, हा शॅलो म्हणजे नक्की काय? दम लागला होता तरी सरांनी मन लावून सांगितलं. "फार मौजेचा शब्द आहे मास्तर. पाण्याला लागतो, बशीला लागतो, श्वासाला लागतो. जिथं खोली नाही तिथं लागतो. आणि माणसाला लावला की शिवी होते. वरवरचा, बिनविचाराचा माणूस." मी म्हटलं, "मग आपला उथळ वेगळा काय आहे?" म्हणाले, "तंतोतंत तोच. पाण्यालाही तोच, माणसालाही तोच." मला किती बरं वाटलं होतं!

मीटिंगमध्ये सर चष्मा पुसत म्हणाले, "उथळ हा शब्द अर्थाच्या दृष्टीनं योग्यच आहे. तथापि त्याला एक हीन छटा आहे. 'अगभीर जल' असं म्हणता येईल."

अगभीर जल! मी स्टुलावरून उठलो. म्हटलं, "सर, ही पाटी गिरणीतल्या माणसानं वाचायची आहे. ओल्या अंगानं, पळता पळता."

शेवटी तोड काय निघाली? इंग्रजी आहे तेच ठेवायचं, पण मराठी अक्षरात. "शॅलो". कुणाचा अपमान नाही, पाणी कमी म्हटलेलं नाही, आकडा नाही, आणि मास्तरांची मागणीही मान्य. टाळ्या वाजल्या. मला वाटलं, ह्या सगळ्यांना एकेक करून त्या टोकाला सूर मारायला लावावा.

रंगवायला मेहबूब पेंटर आला. सिनेमाचे बोर्ड रंगवणारा कसबी माणूस. शिडीवर चढला, खाली वाकून विचारलं, "मास्तर, ये शॅलो क्या है? किसका नाम है?" मी म्हटलं, "नाव नाही रे. पाणी उथळ आहे, असा अर्थ." तो म्हणाला, "तो उथळ लिखो ना! चार अक्षर का खर्चा बी नहीं." त्यालासुद्धा कळलं. मंडळाला कळलं नाही. मेहबूबनं ठरावाप्रमाणे लिहिलं. पुढं पावसानं आणि चुन्याच्या हातानं वरची चंद्रकोर गेली आणि उरलं "शलो". पोरं ते शालो असं वाचून त्या बाजूला शालूबाईचं टोक म्हणू लागली.

अण्णांनी मला आणखी एक हुकूम दिला होता. मास्तरानं कायम खोल बाजूला उभं राहायचं. "शॅलो बाजूला काय व्हायचंय? तिथं उंदीरसुद्धा बुडणार नाही." मी वाद घातला. लेखी हुकूम आला. मी खोल बाजूला उभा राहिलो.

आता सिद्राम. होटगीला रेल्वेचं जंक्शन आहे. तिथं सिद्राम गँगमन होता. हातात हातोडा घेऊन रुळावरनं चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्यात का ते बघायचं आणि ठोकायच्या. एक चावी नजरेतनं सुटली तर वर गाडीभर माणसं असतात, हे त्याला त्याच्या बापानं शिकवलेलं. बाप मल्लाप्पा, रेल्वे फाटकावर जन्म गेलेला माणूस. हे मी नंतर ऐकलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं, की रविवारच्या गर्दीत कपडे बदलायच्या खोल्यांकडून एक उंच, काळासावळा, पिळदार पोरगा आला, जोडीदाराशी काहीतरी बोलून हसला, आणि माझ्यापासून लांबच्या, उथळ टोकाला काठावर उभा राहिला. हात वर जोडले. मी शिट्टी तोंडात धरली. फुंकली सुद्धा. शे-दीडशे माणसांच्या कलकल्यात कुणाला ऐकू जाणार?

काय सुंदर सूर मारला त्यानं! पाय जुळलेले, अंग ताठ. विहिरीत मारला असता तर लोकांनी वाहवा केली असती.

तो वर आला तो पालथा. आजूबाजूची पोरं हसत होती, त्यांना वाटलं मुडद्याचं सोंग करतोय. मी काठानं पळालो. पाण्यात उतरून त्याला उताणा केला, तर डोळे उघडे. शुद्धीवर होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, हात कुटं गेलं माजं?" त्याचे हात माझ्याच हातात होते. त्याला कळत नव्हतं. कपडे बदलायच्या एका खोलीचं दार उचकटून आणलं, त्यावर त्याला ठेवला आणि टेम्पोतनं दवाखान्यात नेला. वाटेत त्याचा जोडीदार बाबू हमसून हमसून रडत होता, आणि रडता रडता जे बोलला ते मी नंतर चौकशीत शब्द न् शब्द सांगितलं.

बाबू म्हणाला, "सिद्रामनं इचारलं हुतं ओ! नव्या हिरीत बी तो इचारल्याबिगर उडी टाकत न्हाय. फाटकावर तिकिटवाल्याला म्हनला, पानी किती हाय? त्यो म्हनला, भरपूर हाय, पार काठोकाठ. मग हितं आलो. भिंतीवर शालो लिवलेलं. सिद्राम म्हनला, ही कोन रं शालो? अध्यक्षाची बायको आसंल. आमी हासलो. आन् मग त्यानं..."

तिकिटवाल्याचं तरी काय चुकलं? नळाला पाणी नसलेल्या गावात तलाव भरलाय, हे तो कौतुकानं सांगत होता. दिवसभर सगळ्यांना तेच सांगत होता. सिद्रामनं विचारायचं ते विचारलं, वाचायचं ते वाचलं. पाटीनं सांगायचं तेवढं सांगितलं नाही.

दवाखान्यात मी तीन दिवस बसून होतो. मानेखालचं सगळं गेलेलं. डॉक्टर नर्सला म्हणाले, "ब्रीदिंग शॅलो आहे, लक्ष ठेवा." तो शब्द कानावर पडला आणि मी व्हरांड्यात जाऊन भिंतीवर डोकं टेकून रडलो. मल्लाप्पा कोपऱ्यात उकिडवे बसले होते. 

सिद्राम जगला. बाजेवर होटगीला परत गेला. त्याचं ठरलेलं लग्न अर्थातच मोडलं. मी सुट्टीला जायचो. तो गप्पिष्ट होता, मान हलत नसायची, पण डोळ्यांनी हसायचा. मला म्हणायचा, "मास्तर, सूर बाकी झ्याक बसला हुता, व्हय की नाय?" मी म्हणायचो, हो बाबा, लई झ्याक.

मंडळानं चौकशी नेमली. चौकशी करणारे कोण, तर मंडळच. मी सांगितलं, बाबूनं सांगितलं, तिकिटवाल्यानं घाबरत घाबरत का होईना पण खरं सांगितलं. महिनाभरानं ठराव झाला आणि त्याची एक प्रत होटगीला सिद्रामच्या घरी पाठवली. मला सेक्रेटरीनं वाचून दाखवली. "तलावावर मराठीत स्पष्ट सूचनाफलक असूनही सदर तरुणाने उथळ वृत्तीने वर्तन केल्यामुळे अपघात घडला. मंडळाचा त्यात कोणताही दोष दिसून येत नाही."

मी म्हटलं, परत वाचा. त्यानं परत वाचलं. उथळ वृत्तीने.

तोच शब्द! भिंतीवर चालला नाही. संगमरवराला त्याचा विटाळ झाला असता. हीन छटा होती त्याला. पाण्याला लावायला ह्यांच्या जिवावर आलं, आणि अंथरुणाला खिळलेल्या पोराला लावताना कुणाचाही हात थरथरला नाही. त्याला चष्मा पुसत अगभीर म्हणावंसं नाही वाटलं कुणाला!

ठरावाचं मराठी कुणाचं ते मी लगेच ओळखलं. तसाच तडक प्राध्यापकांच्या घरी गेलो. सर गॅलरीत पेपर तपासत होते. म्हटलं, "सर, हा शब्द तुमचा?"

ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत घालत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, खरं सांगू? लिहायला बसलो आणि तोच सुचला. पटकन लिहून गेलो. इतके दिवस डोक्यात घोळत होता ना."

"पोरगा उथळ होता?"

"तसं नाही."

"मग खोडा."

"आता ठराव झालाय."

त्यांच्या बायकोनं चहा आणला. मी घेतला नाही. मी आयुष्यात कुणाच्या घरचा चहा नाकारलेला नाही, तो एकच.

होटगीत तो कागद शाळेतल्या गुरुजींनी मल्लाप्पांना वाचून दाखवला. मग गावात जे व्हायचं ते झालं. आधी लोक हळहळत होते, आता म्हणायला लागले, मस्ती नडली, छाप्यातच आलंय की तसं. सिद्रामला कुणी ते ऐकवलं नव्हतं, पण बाजेवरच्या माणसाला सगळं ऐकू येतं. त्यानं बापाला विचारलं, "आप्पा, मी काय मस्ती केली?"

पुढच्या रविवारी सकाळी मल्लाप्पा तलावावर आले. मी खोल बाजूला होतो. पटका, सदरा, धोतर, पायात वहाणा. म्हणाले, "मास्तर, कुटं पडला ते दावा." मी त्यांना त्या टोकाला नेलं. त्यांनी वहाणा काढून बाजूला ठेवल्या, पायऱ्यांनी खाली उतरले आणि तसेच, कपड्यांनिशी, पटक्यानिशी पाण्यात जाऊन उभे राहिले. धोतर फुगून वर आलं. पाणी बरोबर कमरेला. त्यांनी पायानं तळ चाचपला.

"हितंच?"

"इथंच, आप्पा."

"ह्या असल्या पान्याला काय म्हनायचं मराठीत?"

मी म्हटलं, "उथळ."

"मग पोराला का लिवलं?"

 आजूबाजूची पोरं पोहायची थांबली होती. मी हात पुढं केला, म्हटलं, आप्पा, वर या. ते म्हणाले, "न्हाय. ज्याचं नाव त्याला लावा. मग येतो."

आणि ते उभेच राहिले. ऊन चढलं तरी हलेनात. गिरणीची पाळी सुटली, बातमी फुटली, भिंतीबाहेर माणसं जमली. तिकिटवाला कुणाला तिकीट देईना. कुणीतरी अण्णांना आणलं. अण्णा घामाघूम, माझ्यावरच ओरडले, "मास्तर, बघत काय बसलात? काढा त्यांना बाहेर!"

मी म्हटलं, "अण्णा, बुडणाऱ्याला काढायचं माझं काम. हे बुडत नाहीत."

"नोकरी करायची आहे का नाही?"

"त्याचं काय ते तुम्ही ठरवा. मी ह्यांना हात लावणार नाही."

मल्लाप्पांनी पाण्यातूनच हात जोडले. म्हणाले, "सायेब, मी काय मागाया आलो न्हाय. तुमी त्यो शबूद माज्या पोराला दिलाय. त्येचा न्हाय त्यो. ह्या पान्याचा हाय. पान्याला द्या."

अण्णांनी गर्दीकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. हळू आवाजात म्हणाले, "बोलवा त्या पेंटरला."

मेहबूब डबा ब्रश घेऊन पळतच आला. ह्या वेळी त्यानं कुणाला काही विचारलं नाही. शलो पुसून काढलं आणि हातभर उंचीची अक्षरं काढली. उथळ. सूर मारू नका. खाली अण्णांच्या वडिलांचं नाव. कुणी हसलं नाही. पुढच्या कित्येक वर्षांत त्या नावाला कुणी हसल्याचं मी ऐकलं नाही.

मल्लाप्पांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "काय लिवलं?"

मी मोठ्यानं वाचलं. ते पायऱ्या चढून वर आले, धोतर पिळलं, वहाणा घातल्या आणि अण्णांच्या समोर जाऊन उभे राहिले. "मग आता कागदावरचं पुसलं म्हना की."

अण्णा म्हणाले, "कागदाचं पुढच्या मीटिंगला बघू."

मल्लाप्पांनी मान हलवली. त्यांना ते खरं वाटलं. ओल्या कपड्यांनीच होटगीच्या गाडीला गेले.

पुढच्या मीटिंगला मी दाराशी उभा होतो. विषय पत्रिकेवर नाही म्हणाले. त्याच्या पुढच्या मीटिंगला म्हणाले, आता पाटी झाली ना, मग कशाला उकरून काढता? प्राध्यापक खाली बघत होते. नोकरी सुटेपर्यंत मी दर वर्षी अर्ज दिला, दर वर्षी मला चहा मिळाला. मधल्या काळात सिद्राम गेला. दोन पावसाळे काढले त्यानं बाजेवर. मल्लाप्पांनी मला एकदाच विचारलं, पुसलं का ओ मास्तर? मी खरं ते सांगितलं. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

आता तलाव बुजवला, तिथं मंगल कार्यालय आहे. अण्णा नाहीत, सर नाहीत, मल्लाप्पाही नाहीत. मंडळाची दप्तरं मात्र आहेत, मी जाऊन बघून आलो. ठराव जसाच्या तसा आहे. त्यात काही खोडण्याचा मला अधिकार नाही, असं तिथल्या तरुण कारकुनानं नम्रपणे सांगितलं. ठीक आहे. मग मी इथं छापून ठेवतो, निदान कुठंतरी छाप्यात राहील. पाणी उथळ होतं. होटगीचा सिद्राम मल्लाप्पा, गँगमन, हा उथळ नव्हता. उडी टाकण्याआधी त्यानं विचारलं होतं.